आमच्या ऑफिसचं पगाराचं ॲप: वर्षभर वापरल्यावर तीन स्टार

ॲपमध्ये फीडबॅकला २०० अक्षरं मावतात आणि खाली पाच स्मायली आहेत, कुठलीही दाबली तरी "धन्यवाद" येतं आणि विषय संपतो, म्हणून इथे लिहितोय. नाव घेत नाही कारण नोकरी अजून तिथेच चालू आहे आणि तसंही बऱ्याच कंपन्यांची पगाराची ॲपं थोड्याफार फरकाने अशीच असतात असं मित्रांकडून कळतं.

मी जॉईन झालो १२ जून २०२४ ला. पहिलीच नोकरी. ऑफर लेटरवर ४,२०,००० लिहिलेलं, मी बाराने भागलं, पस्तीस हजार, आईला तोच आकडा सांगितला आणि आईने मावशीला सांगितला, म्हणजे झालं, आता सगळ्या घराण्याला माहिती. महिनाअखेरीला ॲपचं नोटिफिकेशन आलं, उघडलं तर स्क्रीनवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडायला लागले, अभिनंदन वगैरे, आणि ते तुकडे खाली बसले तेव्हा मागून आकडा दिसला १७,६३५.

मला वाटलं काहीतरी चुकलंय. बारा तारखेला जॉईन झालो तर एकोणीस दिवसांचे पैसे मिळणार हे कळत होतं, पण पस्तीसच्या हिशोबानेसुद्धा बावीस हजारच्या वर यायला हवे होते ना. ॲपमध्ये एक चॅटवाला मदतनीस आहे, त्याला विचारलं "पैसे का कापले", तो म्हणाला "कृपया आपल्या एचआरशी संपर्क साधा". एचआरने अकाउंट्सला पाठवलं. हा शून्य स्टारवाला भाग आहे, आधीच सांगून ठेवतो.

अकाउंट्समधल्या मॅडम रिटायरमेंटला आलेल्या, त्यांनी ॲप बघितलंसुद्धा नाही. रजेच्या अर्जाची पाठकोरी बाजू घेतली, पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "अरे बस, उभ्याने हा हिशोब कळत नाही."

तर ३५,००० ही सीटीसी. म्हणजे कंपनीला मी महिन्याला कितीला पडतो ते. त्यात १,८०० कंपनीच्या बाजूचा पीएफ, ७२२ ग्रॅच्युइटीची, म्हणजे काही वर्षं टिकल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची तरतूद, ४७८ माझ्या मेडिक्लेमचा हप्ता आणि २,००० व्हेरिएबल, जे वर्षातून एकदा मिळणार आणि तेही रेटिंग बघून. हे पाच हजार वजा केले की उरले ३०,०००, तो माझा ग्रॉस: बेसिक १५,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता साडेसात, स्पेशल अलाउन्स साडेसात. एकोणीस दिवसांचे झाले १९,०००. त्यातून पीएफ १,१४०, प्रोफेशनल टॅक्स २०० आणि एलडब्ल्यूएफ म्हणजे कामगार कल्याण निधीचे २५ रुपये, बाकी १७,६३५. रुपयाचाही फरक नाही. ॲप बरोबर होतं, मीच येडा.

पण मग माझा राग ॲपवर का, तर ते या तिन्ही कपाती एकाच लाल रंगात दाखवतं. तीन लाल ओळी, पुढे उणे चिन्ह, खाली जाड लाल अक्षरात "एकूण कपात". नवीन माणसाला वाटणार सगळे पैसे गेले. मॅडमनी त्याच ओळींपुढे पेन्सिलने लिहिलं, पीएफपुढे "ठेवले" आणि बाकी दोघांपुढे "गेले". बस, हे दोन शब्द त्या ॲपमध्ये असते तर मी चौथा स्टार दिला असता.

पीएफचं तर मला काहीच माहिती नव्हतं. आपल्या बेसिकच्या १२ टक्के आपले कापतात आणि कंपनीही तेवढेच १२ टक्के घालते, पण कंपनीचे सगळे आपल्या खात्यात जमा होत नाहीत, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन स्कीमकडे जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. १५,००० च्या बेसिकवर म्हणजे माझे १,८००, कंपनीचे ५५०, आणि पेन्शनला १,२५०. बेसिक याच्यापेक्षा जास्त असलं तरी बऱ्याच कंपन्या १५,००० वरच पीएफ कापतात कारण सप्टेंबर २०१४ पासून कायद्याची मर्यादा तीच आहे. आमचं ॲप यातलं फक्त "पीएफ १,८००" दाखवतं. कंपनीचे किती, पेन्शनचे किती, काही नाही. ते बघायला ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर किंवा सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडावं लागतं, तिथे तीन रकाने दिसतात: आपले, कंपनीचे आणि पेन्शनचे. माझी पहिली एंट्री ११४०, ३४९ आणि ७९१ अशी होती आणि खरं सांगू का, तो ७९१ चा आकडा बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच नोकरीला लागलो, साठीनंतरचा कोणी म्हातारा माणूस माझ्याच नावाने कुठेतरी रांगेत उभा आहे असं काहीतरी. असो.

पेन्शनच्या त्या रकान्यावर व्याज पडत नाही, तो पैसा पेन्शनच्या सामाईक फंडात जातो आणि पेन्शनचा हक्क लागायला दहा वर्षं नोकरी भरावी लागते. पहिल्या दोन रकान्यांवर व्याज मिळतं, २०२४-२५ साठी ८.२५ टक्के. आणि साइट उघडायचा कंटाळा असेल तर यूएएनला, म्हणजे आपल्या पीएफच्या नंबरला, मोबाइल जोडलेला असला की ईपीएफओच्या एसएमएस नंबरवर "मर" असं इंग्रजी तीन अक्षरांत, म्हणजे एम-ए-आर, शेवटी टाकून मेसेज पाठवला की किती शिल्लक आहे तो हिशोब मराठीत येतो. सरकारी खात्याला जमतं ते आमच्या रंगीत कागदं उडवणाऱ्या ॲपला जमत नाही, त्यात भाषा बदलायचा पर्यायच नाहीये.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी बघा. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कंपनीने भरायचा असतो. स्लिपवर कापलेला दिसतोय म्हणजे भरला असं नाही, पासबुकात आला की भरला. आमचा येतो वेळेवर, पण मला हे तपासायची सवय लागली ती मॅडममुळे, ॲपमुळे नाही.

प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५००, दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणून फेब्रुवारीत शंभर कमी आले तर घाबरू नका. इथे ॲपने खरी चूक केली होती पण माझ्या बाबतीत नाही. माझ्यासोबत जॉईन झालेली एक मुलगी, तिचा ग्रॉस २३,५००. महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स लागत नाही, एप्रिल २०२३ पासून. तिचे दोन महिने २०० कापले गेले. शोधलं तर प्रोफाइलमध्ये स्त्री/पुरुष हा रकाना रिकामा राहिलेला आणि ॲप रिकाम्याला पुरुष समजतं. चारशे रुपये परत मिळाले पण तिने स्वतः स्लिप वाचली म्हणून मिळाले. त्यामुळे नवीन लागला असाल तर आधी प्रोफाइलमधले सगळे रकाने भरा, कंटाळा करू नका. एलडब्ल्यूएफ जून आणि डिसेंबरमध्येच कापतात, त्यावर जास्त डोकं लावू नका.

आता बेनिफिट्सचा टॅब. यासाठी ॲपला अर्धा स्टार, तोही कीव येऊन. मेडिक्लेममध्ये मी आपोआप होतो, तीन लाखांचं कव्हर. आईबाबांना घालायचं तर जॉईन झाल्यापासून तीस दिवसांत घालायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलला. ही एवढी मोठी गोष्ट ॲपने कुठे सांगितली, तर बेनिफिट्सच्या आत, पॉलिसीच्या आत, ३४ पानी पीडीएफच्या अकराव्या पानावर. पगार आला की कागद उडवतात आणि यासाठी एक नोटिफिकेशन नाही! मला कँटीनमध्ये एकाने सहज विचारलं "पेरेंट्सना ॲड केलंस का रे" तेव्हा माझा सव्विसावा दिवस होता. त्याच रात्री बाबांकडून आधारचे फोटो मागवले, ते अंधुक आले, परत मागवले, आईने मध्येच विचारलं जेवलास का, शेवटी साडेअकराला फॉर्म सबमिट झाला.

महिना १,००० रुपये त्याचे कापतात, ऑगस्टपासून. म्हणजे जुलैत २८,००० आले आणि ऑगस्टमध्ये २७,०००, परत लाल ओळ, पण मॅडमच्या पद्धतीने बघायचं तर हे ना ठेवलेले ना गेलेले, हे विकत घेतलेले. आधीपासून असलेल्या बीपी-शुगरला वेटिंग पिरियड नाही हा ग्रुप पॉलिसीतला मोठा फायदा, बाहेर स्वतःची घ्यायला गेलात तर त्यासाठी थांबावं लागतं. तोटाही वाचून घ्या: आईबाबांच्या बिलात २० टक्के को-पे आहे, म्हणजे तेवढं आपण भरायचं, आणि खोलीचं भाडं दिवसाला ३,००० पर्यंतच. यातली मेख अशी की सहा हजारांची खोली घेतली तर नुसते वरचे तीन हजार आपल्या खिशातून जातात असं नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, हेही त्याच प्रमाणात निम्मे धरतात, औषधं सोडून. पीडीएफमध्ये याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हटलंय. मला ते दोनदा वाचून कळलं आणि मग बाबांना फोनवर सांगताना परत कळलं नाही. आणि नोकरी सोडली की हे कव्हर संपतं, त्यामुळे घरची वेगळी पॉलिसी असेल तर ती बंद करू नका.

पीएफसोबत एक विमा फुकट येतो, ईडीएलआय, नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळतात, त्याचे पैसे कंपनी भरते, आपले कापत नाहीत. ॲपमध्ये याचा शब्दसुद्धा नाही. ईपीएफओच्या साइटवर ई-नॉमिनेशन, म्हणजे हे पैसे कोणाला मिळावेत ते, मात्र आपणच भरायचं असतं, दहा मिनिटांचं काम, फक्त आधारवरचं नाव आणि पीएफवरचं नाव सारखं पाहिजे. ॲपने माझ्या वडिलांचं नाव आणि आडनाव चिकटवून एकच शब्द करून पाठवलं होतं त्यामुळे माझं दीड महिना अडकलं.

ग्रॅच्युइटीचे ते ७२२ रुपये सीटीसीत दर महिन्याला मोजतात पण हातात येणार पाच वर्षं भरल्यावर. बेसिक एवढंच राहिलं तर १५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, सुमारे ४३,२६९. आधी सोडलं तर ते ऑफर लेटरच्या कागदावरच राहतात. कॉलेजमधले मित्र दीड-दोन वर्षांत नोकरी बदलायच्या गोष्टी करतात आणि सीटीसीची तुलना करतात तेव्हा आता मी विचारतो की यातले ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल काढून सांग.

टॅक्सचा भाग ॲपमध्ये बरा आहे, खरंच. जुनी रेजीम-नवीन रेजीम, म्हणजे टॅक्स मोजायच्या दोन पद्धती, दोन्ही बाजूबाजूला दाखवतं, माझ्या पगारावर टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा टॅक्स) शून्यच होता. ज्यांचा पगार जास्त आणि जुनी रेजीम निवडलीय त्यांनी जानेवारीत प्रूफ अपलोड करायचं विसरू नका, आमच्या टीममधल्या एकाने भाडेपावत्या टाकल्या नाहीत, फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून वर्षाचा सगळा टॅक्स गेला, तो दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हता. रिटर्न भरून परत मिळेल म्हणा.

चांगलं काय, तर जुन्या स्लिपा एका क्लिकवर मिळतात (बँकेला गाडीच्या लोनसाठी तीन महिन्यांच्या लागल्या, रिक्षात बसल्या बसल्या पाठवल्या), रजा टाकणं सोपं, माझा हिशोब कधीच चुकला नाही, फॉर्म १६ (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा दाखला) वेळेवर आला. म्हणून तीन स्टार. आकडे पक्के, समजावणं कच्चं.

मॅडम मार्चमध्ये रिटायर झाल्या. त्यांचा तो पाठकोरा कागद मी फोटो काढून ठेवलाय आणि मागच्या महिन्यात चार नवीन पोरं लागली त्यांना ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं हे ॲपमध्ये कुठे दिसतं.

मेडिक्लेमच्या कार्डावर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, तिकीट टाकून अकरा दिवस झाले, स्टेटस "प्रगतीपथावर". दुरुस्त झालं तर साडेतीन करेन.