फालेझचा किल्ला: विल्यमच्या बालपणाचा माग
उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील काँ शहराच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर फालेझ हे छोटे गाव आहे आणि तेथील किल्ला इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचे जन्मस्थान म्हणून दाखवला जातो. किल्ला अवश्य पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आज उभा असलेला मुख्य बुरूज विल्यमच्या काळातला नाही, हे ठाऊक असूनच आत जावे. तो त्याचा मुलगा पहिला हेन्री याने बाराव्या शतकात बांधला आणि शेजारचा उंच गोल तालबो बुरूज तर १२०४ मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडे गेल्यानंतरचा आहे.

प्रवेशाच्या वेळी हातात टॅबलेट दिला जातो. रिकाम्या दालनात तो समोर धरला की पडदे, आसने, रंगवलेल्या भिंती असे सारे पडद्यावर उमटते. सोय उत्तम आहे, पण माझे मन रमले ते खिडकीशी. खाली आंत नदीची अरुंद दरी दिसते, जिथे कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती. हर्लेव्हा ही त्यांच्यापैकीच एकाची मुलगी आणि नॉर्मंडीचा शासक ड्यूक रॉबर्ट याने तिला याच किल्ल्यावरून पाहिले, अशी आख्यायिका आहे. विवाहाविना झालेला त्यांचा मुलगा विल्यम १०२७ किंवा १०२८ मध्ये जन्मला.

पुढचा इतिहास वाचून गेल्यास या जागेचे मोल कितीतरी वाढते. १०३५ मध्ये जेरुसलेमहून परतताना रॉबर्ट वारला आणि सात-आठ वर्षांचा मुलगा ड्यूक झाला. त्याचे पालक एकामागून एक मारले गेले. कारभारी ऑसबर्नचा खून तर मुलाच्या शयनगृहातच झाला. मामा वॉल्टर रात्री त्याला उठवून गोरगरिबांच्या झोपड्यांत लपवत असे. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडील सरदारांनी बंड केले, तेव्हा व्हालोन्य येथून रातोरात घोडा दौडवत तो फालेझलाच पोहोचला, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सचा राजा पहिला हेन्री (बुरूज बांधणाऱ्या हेन्रीशी याची गल्लत करू नये) मदतीला आल्यामुळे विल्यमने व्हाल-ए-द्यूनची लढाई जिंकली आणि त्याची सत्ता खऱ्या अर्थाने उभी राहू लागली. पुढे आलांसाँ या शहराच्या वेढ्यात तटावर कातडी बडवून आजोळची टिंगल करणाऱ्यांचे त्याने हातपाय तोडले. हा क्रूरपणा झाकून त्याचे गुणगान करणे मला मान्य नाही, पण त्याचे मूळ कशात असावे, हे त्या खिडकीशी उभे राहिल्यावर ध्यानात येते.

जीर्णोद्धारात ब्रुनो देकारी या वास्तुविशारदाने प्रवेशाशी उभारलेल्या करड्या काँक्रीटच्या बांधकामावर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला होता. मला ते खटकले नाही, कारण जुने कोणते आणि नवे कोणते हे त्यामुळे लपत नाही. आतले जिने चक्राकार आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच वर चढावे. किल्ला पाहून झाल्यावर नगरपालिकेसमोरचा विल्यमचा अश्वारूढ पुतळा पाहावा, दरीतील हर्लेव्हाच्या नावाच्या झऱ्याकडे उतरावे आणि मगच काँ येथील त्याच्या समाधीकडे जावे. याच क्रमाने गेल्यास त्याचे आयुष्य अधिक नीट उलगडते.