ग्रेनोबलमध्ये भाड्याचं घर आणि 'विझाल'ची हमी: वर्षभर वापरल्यानंतर

फ्रान्समधल्या घरमालकाला आधी जामीनदार दिसावा लागतो, मग भाडेकरू. भाड्याच्या तिप्पट कमावणारा, फ्रान्समध्येच राहणारा जामीनदार पुण्या-नागपुराहून आलेल्या पोस्टडॉकने किंवा विद्यार्थ्याने कुठून आणायचा? ही अडचण 'विझाल' बऱ्यापैकी सोडवतं. 'अक्सिओं लोजमां' ही संस्था तुमच्या वतीने भाड्याची हमी घेते, तीही फुकट. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

क्रम मात्र चुकवू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला अर्जात दीर्घ मुदतीचा व्हिसा जोडावा लागतो, म्हणून आधी व्हिसा, मग विझालचं प्रमाणपत्र, मग घरं बघणं. करारावर सही झाली की हमी मिळत नाही. प्रमाणपत्रात भाड्याची कमाल मर्यादा दिलेली असते आणि ती शार्ज, म्हणजे देखभाल खर्च, धरून असते. जाहिरातीतला आकडा शार्ज वगळून असेल तर बेरीज करूनच फोन लावा. वयाची तिशी ओलांडलेल्यांना नोकरी आणि पगाराच्या वेगळ्या अटी आहेत.

कापलेला तारा घरमालकांच्या अनास्थेपायी. हमी चालू करायला मालकालाही स्वतःचं खातं उघडावं लागतं, आणि करारात थकबाकी झाल्यास करार रद्द होण्याचं कलम हवं. वयस्कर मालक इथेच कंटाळतात. प्रमाणपत्रासोबत या दोन पायऱ्यांची फ्रेंचमध्ये चार ओळींची चिठ्ठी जोडली की फरक पडतो. विझाल असताना वर आणखी जामीनदार मागता येत नाही, हेही नम्रपणे सांगा. आणि ही हमी म्हणजे माफी नव्हे: थकलेलं भाडं संस्था मालकाला देते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करते. डिपॉझिट वेगळंच द्यावं लागतं. सामानासह घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, रिकाम्या घराला एक महिन्याचं, तेही शार्ज वगळून.

कागदपत्रं 'दोसिये फासिल' या सरकारी सेवेतून पाठवा. प्रत्येक पानावर वॉटरमार्क येतो. मालकाला बँक स्टेटमेंट मागायचा अधिकार नाही. घर दाखवण्याआधी पैसे मागणारा भामटाच समजा. 20 जानेवारी 2025 पासून ग्रेनोबलमध्ये भाड्यावर कमाल मर्यादा आहे आणि ही मर्यादा ज्यावरून ठरते ते संदर्भ भाडं करारात लिहावं लागतं. तो रकाना रिकामा दिसला तर सहीआधी विचारा.

आता खरा खर्च: हीटिंग. शहर दरीच्या तळाशी, तीन बाजूंना व्हेर्कोर, शार्त्रूझ आणि बेलदोन या डोंगररांगा. जुन्या इमारतीत विजेचे हीटर असतील तर स्वस्त स्टुडिओ जानेवारीत महाग पडतो. इमारतीचं सामायिक हीटिंग शार्जमध्ये धरलेलं घर जरा जास्त भाड्याचं असलं तरी परवडतं. घराचा ऊर्जा दर्जा ए ते जी या अक्षरांत असतो. 2025 पासून जी दर्जाचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही, पण एफ अजून चालतं, आणि भिंतींना कान लावावा तर बाहेरची हवा ऐकू येते. फोंतेन आणि सेसिने ही उपनगरं व्हेर्कोरच्या पायथ्याशी आहेत, तिथे हिवाळ्यात ऊन दुपारीच डोंगराआड जातं. वरच्या मजल्याचं घर जुलैत भट्टी होतं, त्यामुळे खिडक्यांना बाहेरून बंद होणाऱ्या झडपा आहेत का ते बघा. विद्यापीठाच्या आवारासाठी आणि प्रेस्कील या भागातल्या संशोधन केंद्रांसाठी ट्राम बी सोयीची.

किल्ली घेताना विमा पत्र हातात हवं. घराच्या स्थितीची नोंद, 'एता दे ल्यू', घाईत उरकू नका: प्रत्येक नळ, शेगडी, खिडकीची कडी आणि विजेच्या मीटरचा 14 अंकी क्रमांक यांचे फोटो काढा. राहून गेलेली त्रुटी 10 दिवसांत कळवून नोंदीत घालता येते. हीटर मात्र सप्टेंबरात कोण तपासणार? त्यासाठी हीटिंगच्या हंगामाचा पहिला महिना मिळतो. सामानासह घराच्या यादीत गादी, रजई, फ्रीज, शेगडी, भांडी हे असायलाच हवं. चादरी आपल्या आपण आणायच्या.

जुलै ते सप्टेंबर विद्यार्थ्यांची झुंबड असते, जानेवारीत शोध सोपा. सामानासह घर सोडताना एक महिन्याची नोटीस पोचपावतीच्या नोंदणीकृत पत्राने द्या. महिना मालकाला पत्र मिळाल्यापासून धरतात. घर घेतानाची आणि सोडतानाची नोंद जुळली तर डिपॉझिट एका महिन्यात परत, नाही तर दोन. उशीर झाला तर दर सुरू झालेल्या महिन्याला मूळ भाड्याच्या 10 टक्के दंड मागता येतो, फक्त नवा पत्ता मालकाला लेखी कळवलेला असला पाहिजे.