आठवडाभराचे प्रशिक्षण की वर्षभराची सोबत?

महाविद्यालयीन ग्रंथालयात रुजू झालेल्या सहायकाला पहिल्याच आठवड्यात ड्यूई दशांश वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत), दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदीची वही) आणि ‘कोहा’ ही ग्रंथालयाच्या कामाची संगणकप्रणाली एका दमात शिकवली, तर कामाची तोंडओळख लवकर होते व ज्येष्ठांचा वेळही वाचतो. याउलट अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने वर्षभर देवघेव, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणे), नियतकालिके अशा विभागांतून त्याला फिरवले, तर वेळ जातो खरा. पण ड्यूई क्रमांकांत ५४० रसायनशास्त्राचे आणि ६६० रासायनिक तंत्रज्ञानाचे, हा फरक पुस्तक हातात धरून फडताळात लावतानाच अंगवळणी पडतो. शिवाय अडले तर विचारायला हक्काचे माणूस असते, आणि माझ्या मते नवी माणसे टिकतात ती मुख्यतः यामुळेच. कंत्राटी नेमणूक ११ महिन्यांचीच असेल तिथे ही सोबत अर्धवट राहते. तिथे आठवड्याचे प्रशिक्षण जरूर द्यावे, मात्र सोबती पहिल्या दिवसापासून नेमावा.