एक्स-रे चाचणी मीटर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

एक्स-रे यंत्रांच्या गुणवत्ता-चाचणीसाठी घेतलेले सेमीकंडक्टर डिटेक्टरचे मीटर मी गेले अकरा महिने वापरत आहे. एकाच एक्स्पोजरमध्ये केव्हीपी (एक्स-रे नळीवरचा कमाल व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये), किरणांचा डोस, वेळ आणि एचव्हीएल (किरणांची तीव्रता निम्मी करणारी धातूच्या थराची जाडी) मिळते, ही सोय मोठीच आहे. मात्र हे मीटर केव्हीपी थेट मोजत नाही; निरनिराळ्या जाडीच्या फिल्टरांखालील डिटेक्टरांना मिळणाऱ्या संकेतांच्या गुणोत्तरावरून ते काढते. त्यामुळे किरणांच्या वाटेत अनपेक्षित काही आले की आकडा चुकू शकतो.

तिसऱ्या महिन्यात एका यंत्रावर ८० केव्ही लावले असता मीटरने ८५ दाखवले. हा फरक ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर असल्याने मी जनरेटरमध्ये (नळीला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागात) दोष असल्याचा अहवाल लिहायलाही घेतला होता. मग लक्षात आले, की डोस मागच्या भेटीपेक्षा कमी आला आहे. केव्ही खरोखर वाढले असते, तर डोसही साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायला हवा होता. शोधल्यावर कॉलिमेटरमधील (किरणांचा झोत मर्यादित करणाऱ्या भागातील) ०.२ मिमी तांब्याचा फिल्टर आत राहिलेला आढळला आणि तो काढताच आकडा जागेवर आला. तेव्हापासून केव्हीपीचा आकडा मी डोस आणि एचव्हीएल यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारत नाही.

दर महिन्याला दोन वेगळ्या यंत्रांवर ७० केव्ही, २० एमएएस (नळीतला विद्युतप्रवाह गुणिले वेळ) आणि १०० सेंमी अंतर ठेवून मी पाच-पाच एक्स्पोजर घेतो. एकाच यंत्राचा आकडा सरकला तर संशय यंत्रावर. दोन्हींचा एकाच दिशेने सरकला तर मीटरवर. अंतर दुप्पट केल्यावर डोस चौथा हिस्सा उरतो का, हेही पाहतो. येथे अंतर डिटेक्टरच्या आवरणापासून नव्हे, तर त्यावर खूण केलेल्या मोजणीच्या पातळीपासून धरावे लागते. ५० सेंमीवर ५ मिमीची चूक झाली तरी डोसमध्ये सुमारे २ टक्के फरक पडतो. डिटेक्टरची लांब बाजू अ‍ॅनोड-कॅथोड अक्षाला काटकोनात ठेवणेही आवश्यक आहे, अन्यथा हील इफेक्टमुळे (या अक्षाच्या दिशेने किरणांची तीव्रता बदलत जाते) गुणोत्तर बिघडते.

तक्रार एकच: अगदी कमी डोस-दराला मीटर कधी कधी ट्रिगरच होत नाही, म्हणजे मोजणी सुरूच करत नाही, आणि याचा उल्लेख माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आहे. पुढील महिन्यात मीटर कॅलिब्रेशनला जाईल. पाठवण्यापूर्वी आणि परत आल्यावर त्याच दोन यंत्रांवर मोजणी करून फरक नोंदवणार आहे.