मॉंगोडीबी: स्वतःच्या सर्व्हरवर की ॲटलसवर?

स्वतःच्या उबंटू (लिनक्स) सर्व्हरवर मॉंगोडीबी हा डेटाबेस टाकणं काही अवघड नाही, खरं काम नंतर सुरू होतं, कारण ऑथेंटिकेशन (युजर-पासवर्डची तपासणी) डिफॉल्टला बंदच असतं, म्हणजे आधी ॲडमिन युजर बनवा, मग कॉन्फिग फाइलमध्ये ऑथरायझेशन इनेबल्ड करा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. ३.६ व्हर्जनपासून डेटाबेस फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो, पण ॲप दुसऱ्या मशीनवर असलं की लोक बाइंड आयपीला (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग) सरळ चार शून्य (०.०.०.०, म्हणजे सगळे पत्ते) टाकून मोकळे होतात, २७०१७ पोर्ट जगाला उघडा! २०१७ च्या जानेवारीत असेच हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली होती. तिथे प्रायव्हेट आयपी द्या, फायरवॉलमध्ये फक्त ॲपवाल्या सर्व्हरला आत सोडा.

ॲटलस म्हणजे मॉंगोडीबी कंपनीचीच क्लाउड सेवा; तिथे पासवर्ड, टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) आधीपासून चालू, लिस्टमध्ये तुमचा आयपी नसेल तर कनेक्शनच नाही. तिथेही ‘कुठूनही चालेल’ करणारे महाभाग आहेतच म्हणा. फ्री प्लॅनला ५१२ एमबी जागा मिळते पण बॅकअप नाही, तो डंप (डेटाची कॉपी) काढून आपणच ठेवायचा.

छोटी टीम, रात्री सर्व्हर बघायला कुणी नाही? डोळे झाकून ॲटलस घ्या. डेटा भरपूर आणि लिनक्सवाला माणूस हाताशी असेल तर स्वतःचा सर्व्हर स्वस्तात पडू शकतो.