शैक्षणिक पालकत्व योजना, वर्षभरानंतरचा अनुभव: आठवीपर्यंत ठीक, नववीत हात सोडतात

एप्रिल संपता संपता शैक्षणिक पालकत्व योजनेच्या कार्यालयाचा व्हॉट्सॲप आला. आपल्या मुलीने आठवी पूर्ण केली, अभिनंदन, सोबत नव्या बालकाचा फोटो व माहिती जोडली आहे, नूतनीकरण करावे. फोटोत पहिलीतलं एक गोड पोरगं. जिचा खर्च मी वर्षभर दिला ती मुलगी आता नववीत जाणार, तिचं पुढे काय, याबद्दल एक अक्षर नाही. फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "सर, योजना पहिली ते आठवीच आहे. तुम्हाला दुसरं मूल दिलंय ना." दुसरं मूल दिलंय! जुना मोबाईल देऊन नवा घ्यावा तसं.

योजना अशी: देणगीदार एका गरजू मुलाचा 'पालक' होऊन त्याचा खर्च उचलतो. महिन्याला ठरलेली रक्कम, एक फोटो, नाताळला पत्र, वर्षाअखेर गुणपत्रक. माझे महिन्याला बाराशे जात होते, म्हणजे वर्षाचे १४,४००. देणगीवर ८०जी कलमाखाली आयकरात सवलत होती, पण निम्म्याच रकमेची वजावट मिळते आणि तीही जुन्या करप्रणालीत. नवीन प्रणाली घेतली असेल तर काहीच नाही. दोन हजारांवर रोख दिलेत तरी वजावट गेली. फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, मिळाला, पण पॅनमधलं एक अक्षर चुकीचं होतं आणि ते दुरुस्त करून घेताना डोकं उठलं. पैसे देणाऱ्यानेच कार्यालयाच्या मागे लागायचं ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

मुलीबद्दल मात्र तक्रार नाही. वडील नाहीत, आई विडी कामगार, घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, राहायला सोलापुरातल्या ख्रिस्ती मिशनच्या वसतिगृहात. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फुकट आहे, मग बाराशे कशाला, असं मला दुकानात बऱ्याच जणांनी विचारलं. फीसाठी नाहीच ते. दोन वेळचं जेवण, गणवेश, बूट, साबण-तेल, औषधपाणी, संध्याकाळचा अभ्यासवर्ग यात ते जातात. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान असल्यामुळे वह्यांच्या बिलावर माझी नजर आधी गेली. भाव घाऊकच लावले होते.

आता नववीकडे येतो, कारण माझं सगळं भांडण तिथेच आहे. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं शाळेतून मोफत. दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता. नववीला पुस्तकांचा अख्खा संच पहिल्यांदा विकत घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला पोरी माझ्या काउंटरवर येतात. किंमत विचारतात, गणिताचा भाग एक उचलून उलटून बघतात, "आईला घेऊन येते काका" म्हणतात आणि जातात. काही येतात. ज्या येत नाहीत त्या पुढे कधीतरी रस्त्यात दिसतात, विड्यांची टोपली घेऊन कारखान्याच्या रांगेत आईबरोबर उभ्या.

सरकारची मदत जिथे थांबते नेमकी तिथेच आपली योजनाही थांबवायची, हे कोणी ठरवलं? मला एकच कारण दिसतं. पहिलीतल्या पोराच्या फोटोला देणगीदार लगेच मिळतो. चौदा वर्षांच्या, केसांना तेल चोपडलेल्या, कॅमेऱ्याकडे न हसणाऱ्या मुलीला मिळत नाही.

सुट्टीत मुलगी घरी होती तेव्हा जाऊन आलो. आई विड्या वळत होती. ही शेजारी भिजवलेली पानं मांडीवर घेऊन पत्र्याच्या मापाने कातरत होती, सपासप, मान वर न करता. हात बसलाय. आई म्हणाली, "पोरगी हाताशी आली की रोजच्या विड्या वाढत्यात की ओ काका. पन मला तिला ह्यात नको." नववीला कोणी धरून ठेवलं नाही तर त्या माउलीच्या 'नको'ला किती दिवस जोर राहील?

हे मी एवढ्या हट्टाने लिहितोय त्याला घरचं कारणही आहे. माझी आई अशाच मदतीवर शिकली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात स्थिरावलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगांत अनाथ मुलं भरली, आणि त्यांचा खर्च अमेरिकेतली चर्चेस आणि तिथल्या साप्ताहिकांचे वाचक उचलत. ती पद्धत पुढे चालत राहिली. आईच्या वेळी नाताळ जवळ आला की पत्राचा मजकूर फळ्यावर लिहिलेला असायचा, तो उतरवून खाली आपलं नाव घालायचं. ज्या चर्चने खर्च दिला त्याचं नाव तिला आज आठवत नाही. पण अकरावी मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत तिचे पैसे थांबले नाहीत, हे ती अजून सांगते. मग नर्सिंग, मग सरकारी नोकरी. तिच्या पगारावर दोन मामा शिकले, मी शिकलो, बहीण शिकली. आठवीला कोणी "तुम्हाला दुसरं मूल दिलंय" म्हटलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं.

हे फक्त आमच्याच घरचं म्हणून सोडू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वायडिक, ग्लेव्वे आणि रटलेज या अर्थतज्ज्ञांनी 'कम्पॅशन इंटरनॅशनल' या ख्रिस्ती संस्थेच्या योजनेतल्या मुलांचा मोठेपणी शोध घेतला. भारतासह सहा देश, दहा हजारांवर माणसं. तुलना शेजाऱ्यांशी तर केलीच, शिवाय योजना गावात आली तेव्हा ज्यांचं वय उलटून गेलं होतं अशा सख्ख्या मोठ्या भावंडांशीही केली. एकच घर, एकच गरिबी. आधार मिळालेली मुलं १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली. माध्यमिक शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण एरवी ४४.५ टक्के होतं, ते १२ ते १८ टक्केबिंदूंनी वाढलं. कार्यालयीन, पगारी कामांतही ही मुलं जास्त दिसली. या मुलांना सरासरी नऊ वर्षांहून जास्त काळ आधार मिळाला होता. फायदा सगळ्यात ठसठशीत दिसला तो माध्यमिक शाळा पूर्ण होण्यात, आणि आमच्या योजनेने कात्री लावली तीही तिथेच.

इथवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर वसतिगृहाच्या बाईंना भेटून आलो, म्हणून पुढचं वेगळं आहे.

सुरुवातीपासून माझा आग्रह होता की माझे पैसे माझ्याच मुलीवर खर्च झाले पाहिजेत आणि तसा हिशेब मिळाला पाहिजे. बाईंनी रजिस्टर समोर ठेवलं. सगळ्या मुलींचे पैसे एका खात्यात जमा होतात आणि भाकरी सगळ्यांची एकत्रच होते. "नववी-दहावीच्या मुलींना पालक नसतो सर. मग काय, घरी पाठवायचं? लहानग्यांच्या पैशातच काटकसर करून भागवतो." नव्या वर्षाच्या यादीत माझ्या मुलीचं नाव आधीच चढलं होतं. पालकाच्या रकान्यात आडवी रेघ होती. माझं या बाबतीतलं मत तिथेच बदललं. हिशेब एकत्र आहे म्हणूनच या मुली टिकल्या आहेत. स्वतंत्र हिशेब मागणाऱ्यांनी आधी ते रजिस्टर बघून यावं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी परदेशातून येणारा पैसा आता भरवशाचा राहिलेला नाही. केंद्राची पूर्वपरवानगी सक्तीची झाल्यावर 'कम्पॅशन'ने २०१७ च्या मार्चमध्ये भारतातलं काम बंद केलं, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांची मदत थांबली. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे सोलापुरातल्या पोरींचं सोलापूरकरांनीच बघायचं आहे.

धर्मांतराचं विचारणारे विचारणारच. आम्ही ख्रिस्ती आहोत, तरी सांगतो. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही, घटनेचं कलम २८ तसं स्पष्ट सांगतं. या मुलीच्या घरी मार्कंडेयाची तसबीर आहे, जानेवारीत ती आईबरोबर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाते, आणि वसतिगृहात जेवणाआधी सगळ्यांबरोबर हात जोडते. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली असती तर पहिली तक्रार मी केली असती.

सध्या केलंय ते असं: नव्या मुलाचं नूतनीकरण थांबवलं आहे. योजना दहावीपर्यंत वाढवा असं कार्यालयाला लेखी दिलंय. "वरिष्ठांना कळवतो" एवढंच उत्तर आलं. या मुलीचा दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंतचा खर्च मी थेट वसतिगृहाकडे कबूल केला आहे, रजिस्टरमधल्या रेघेच्या जागी आता माझं नाव आहे. नववीचा संच दुकानातून दिला. नवीन कोणी पालक होणार असेल तर मूल नववीत गेल्यावर काय, हे सहीच्या आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. कार्यालयाने धोरण बदललं तर इथेच कळवीन. तोवर योजनेला पाचापैकी अडीच, वसतिगृहाला साडेचार.