पिनियनचा आधार: ओव्हरहंग की स्ट्रॅडल, आणि क्रश स्लीव्ह की सॉलिड स्पेसर

जीप, पिकअप नाहीतर ट्रकचं डिफरन्शियल उघडलंय, क्राउन-पिनियन (इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चक्र म्हणजे क्राउन) नवीन टाकायचंय, किंवा दुसरा अॅक्सल शोधायचाय आणि कुणी म्हणतं तीन बेअरिंगवाला घे, कुणी म्हणतं दोन बेअरिंग बास झाली, कुणी म्हणतं क्रश स्लीव्ह (बेअरिंगच्या मधली चेपणारी नळी) काढून टाक. असा गोंधळ असेल तर हे वाचा. माझं मत आधीच सांगतो: जीप, एसयूव्ही, पिकअप, छोटा टेम्पो असेल तर दोन बेअरिंगवाला ओव्हरहंग (एका बाजूनंच धरलेला) पिनियन पुरतो, फक्त तो नीट बसवा आणि जमलं तर सॉलिड स्पेसर (न चेपणारी नळी) टाका. तीन बेअरिंगवाला स्ट्रॅडल (दातांच्या दोन्ही बाजूंनी धरलेला) पाहिजे तो टिपरला, उसाच्या ट्रकला, मोठ्या इंजिनच्या गाडीला. आणि दोन्हीत प्रीलोड (बेअरिंग दाबून बसवायचा दाब) चुकला तर कुठलाच पिनियन टिकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता पिनियनवर जोर किती येतो ते बघा म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजतं. इंजिन २५० न्यूटन-मीटरचं धरा, पहिला गिअर ४ पट, म्हणजे पिनियनवर १००० न्यूटन-मीटर आले. पिनियनच्या दातांपर्यंतची त्रिज्या ३ सेंटीमीटर धरली तर दातावरचा जोर होतो ३३ हजार न्यूटनच्या वर, म्हणजे जवळपास ३.४ टन, आणि अजून लो रेंज (जोर वाढवणारा जादा हळू गिअर) लावलेलीच नाही! फोर-बाय-फोरमध्ये लो अडीच पट असेल आणि टायरला पकड मिळाली तर हाच आकडा साडेआठ टनांवर जातो. शिवाय हा जोर सरळ एकाच दिशेला नसतो, दात तिरके असल्यामुळे पिनियन क्राउनपासून बाजूलाही ढकलला जातो आणि स्वतःच्या लांबीतही पुढे-मागे सरकायला बघतो. क्राउन आणि पिनियनमधला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जीपसारख्या गाडीत साधारण ०.१५ ते ०.२० मिमी असतो, म्हणजे मिमीच्या शंभराव्या भागातलं वाकणंसुद्धा दातावरचा कॉन्टॅक्ट (दात एकमेकांना टेकतात ती जागा) हलवतं. लोड आला की कॉन्टॅक्ट दाताच्या बाहेरच्या टोकाकडे सरकतो, आधार जितका ढिला तितका जास्त सरकतो, आणि टोकावर लोड आला की दात तिथूनच तुटायला लागतो.

ओव्हरहंगमध्ये पिनियनच्या दांड्यावर दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंग असतात, दातांजवळ आतलं मोठं आणि फ्लँजजवळ (प्रोपेलर शाफ्ट जोडतात ती चकती) बाहेरचं लहान, आणि दात दोन्हीच्या पलीकडे मोकळे लोंबतात. भरलेली बादली हात लांब करून धरली की खांद्यावर बादलीपेक्षा जास्त ताण येतो ना, तेच इथे होतं. हिशोब सोपा आहे, दोन बेअरिंगमधलं अंतर लोंबणाऱ्या भागाच्या निदान अडीच पट ठेवतात, आणि तसं ठेवलं तरी मोठ्या बेअरिंगवर दाताच्या जोराच्या १.४ पट लोड येतो आणि लहानावर ०.४ पट उलट्या बाजूनं. वरच्या उदाहरणात म्हणजे मोठं बेअरिंग पावणेपाच टन झेलतंय. म्हणूनच ते इतकं जाडजूड असतं आणि त्याचा कप (बाहेरचं कडं) बसतो ती हाउसिंगची जागा घासलेली असेल तर नवीन बेअरिंग टाकून काही उपयोग नाही, कप फिरतो आणि सगळं परत ढिलं होतं.

पण ओव्हरहंग कमकुवत असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. डाना ६० हा पावणेदहा इंची क्राउनचा अॅक्सल ओव्हरहंगच आहे आणि त्यानं अमेरिकेत एक टनी पिकअप पिढ्यानपिढ्या ओढले. विलीज सीजे-३बी, जिचं लायसन्स घेऊन महिंद्रानं आपल्याकडे जीप बनवली, तिच्या मागच्या डाना ४४ मध्येही दोनच बेअरिंग. जाड दांडा, लांब अंतर, कडक हाउसिंग असलं की काम भागतं. वर फायदे आहेत, भाग कमी, मशिनिंग सोपं, वजन कमी, आणि पिनियनच्या नाकासमोर डिफरन्शियलच्या केसला मोकळी जागा राहते त्यामुळे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) किंवा मोठी केस बसवणं सोपं जातं.

स्ट्रॅडलमध्ये पिनियनच्या दातांच्या पुढेही एक छोटं नाक काढलेलं असतं आणि त्यावर तिसरं बेअरिंग, आपले मेकॅनिक त्याला पायलट किंवा स्पिगॉट बेअरिंग म्हणतात. ते सरळ रोलरचं असतं, फक्त आडवा लोड घेतं, लांबीतला धक्का मागची दोन टेपर बेअरिंगच घेतात. दात दोन्ही बाजूंनी धरल्यामुळे जोर वाटला जातो, कुठल्याच बाजूला मूळ जोरापेक्षा जास्त येत नाही, आणि मुख्य म्हणजे पिनियन वाकत नाही म्हणून कॉन्टॅक्ट जागेवर राहतो. फोर्डचा ९ इंची अॅक्सल, १९५७ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत गाड्यांत आला, याच पद्धतीचा आहे आणि ड्रॅग रेसवाले आजही तो सोडत नाहीत. जनरल मोटर्सचा साडेदहा इंची १४ बोल्ट अॅक्सल तसाच. मेरिटर कंपनीच्या जड ट्रकच्या अॅक्सलमध्येही स्पिगॉट बेअरिंग असतं.

तोटे पण आहेत आणि ते विकणारा सांगत नाही. पहिला तोटा जागेचा: तिसऱ्या बेअरिंगसाठी हाउसिंगमध्ये भिंत काढावी लागते आणि ती क्राउन व डिफरन्शियल केसच्या मध्ये मावली पाहिजे. म्हणून फोर्ड ९ इंचीत पिनियन क्राउनच्या मध्यापासून सव्वादोन इंचांच्या आसपास खाली आहे, डाना ६० मध्ये हे अंतर जवळपास निम्मं. पिनियन इतका खाली घेतला की दात जास्त एकमेकांत बसतात, ताकद वाढते, पण दात घसरतातही जास्त, उष्णता वाढते आणि इंजिनची थोडी ताकद त्यात जाते. दुसरं, तिन्ही बेअरिंगची भोकं अगदी एका रेषेत पाहिजेत, वेल्डिंग करून जोडलेल्या नाहीतर आपटलेल्या हाउसिंगमध्ये तिसरं बेअरिंग आधार द्यायच्या ऐवजी पिनियनला वाकवतं. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेपर बेअरिंग गेलं तर फ्लँज हातानं हलवून प्ले (ढिलेपणा) कळतो, पण पायलट गेलं तर फ्लँज घट्टच लागतो कारण मागची दोन बेअरिंग धरून असतात. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो आणि त्याचा रोलर सुटला तर तो थेट क्राउन-पिनियनच्या मध्येच पडतो. म्हणून स्ट्रॅडल उघडला की पायलट बदलायचंच, ते चांगलं दिसतंय म्हणून परत टाकायचं नाही.

मग कुणी काय घ्यायचं? आठवडाभर ऑफिस आणि महिन्यातून एखादा ट्रेल, ३१-३२ इंची टायर, असं असेल तर ओव्हरहंग ठेवा आणि पैसे चांगल्या बेअरिंगवर घाला. ३५ च्या वरचे टायर, पुढे-मागे लॉकर, आणि ५ च्या वरचा रेशो (क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे) असेल तर विचार बदला, कारण रेशो वाढला की पिनियन लहान होतो, दात कमी होतात, त्रिज्या कमी झाली की त्याच टॉर्कला दातावरचा जोर वाढतो. तिथे एकतर मोठ्या क्राउनचा ओव्हरहंग किंवा स्ट्रॅडल. टिपर, खडीचा ट्रक, कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस भरलेला ट्रक, जो शेतातल्या चिखलातून पूर्ण लोडवर उठतो, त्याला स्ट्रॅडलच पाहिजे, यात दुमत असायचं कारण नाही. आणि त्यात क्राउनच्या पाठीमागे थ्रस्ट बोल्ट असेल तर तो विसरू नका, लोडवर क्राउन मागे वाकला की तो बोल्ट त्याला थांबवतो. मेरिटरवर बोल्ट क्राउनला टेकवून साधारण अर्धा फेरा मागे घेतात आणि लॉक नट लावतात. दुसऱ्या कंपनीचा असेल तर तिच्या मॅन्युअलचं माप घ्या.

आता क्रश स्लीव्हचं, इथेच जास्त अॅक्सल वाया जातात. दोन टेपर बेअरिंग प्ले शून्य करून वर थोडी दाबून बसवायची असतात, तो दाब म्हणजे प्रीलोड. क्रश स्लीव्ह ही दोन कोनच्या (बेअरिंगच्या आतल्या कड्यांच्या) मध्ये बसणारी पातळ नळी, नट आवळला की ती चेपत जाते आणि चेपत असतानाच प्रीलोड हळूहळू वाढतो. कंपनीच्या लाइनवर हे झटपट होतं म्हणून कंपन्यांना ती आवडते. गॅरेजमध्ये ती चेपायला सुरुवात व्हायलाच ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास नाहीतर त्याहून जास्त लागतात, लांब पाइप लावून आवळावं लागतं, फ्लँज धरायला पट्टी पाहिजे, आणि एकदा चेपायला लागली की नट अगदी थोडा फिरला तरी प्रीलोड उडी मारतो. म्हणून थोडं आवळा, पिनियन हातानं पाच-सहा वेळा फिरवून रोलर बसू द्या, मोजा, परत थोडं. पुढे गेलात तर नट ढिला करून चालत नाही, नळी परत फुगत नाही, नवीन स्लीव्ह टाकूनच सुरुवात.

मोजायचं कसं? ऑइल सील आणि क्राउन बसवायच्या आधी पिनियन सलग फिरवायला किती टॉर्क लागतो ते बघायचं, नवीन बेअरिंगला साधारण दीड ते तीन न्यूटन-मीटर आणि जुन्याच बेअरिंगला त्याच्या निम्मं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. छोटा टॉर्क रेंच नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्यानं ओढा. दोरी मध्यापासून ५ सेंटीमीटरवर असेल आणि २ न्यूटन-मीटर पाहिजेत तर काट्यावर ४ किलोच्या आसपास दिसलं पाहिजे. फिरायला लागल्यावरचा आकडा बघायचा, सुरुवातीच्या झटक्याचा नाही.

सॉलिड स्पेसर म्हणजे न चेपणारी जाड नळी आणि सोबत पातळ शिम (चकत्या). शिम कमी केली की प्रीलोड वाढतो, जास्त टाकली की कमी होतो, आणि नट मात्र दरवेळी पूर्ण टॉर्कला. कटकट एकच, योग्य शिम सापडेपर्यंत तीन-चार वेळा उघडून लावावं लागतं, बाहेरचं बेअरिंग प्रेसचं असेल तर वैताग येतो. त्यावर उपाय म्हणून काही जण जुन्या बेअरिंगचा कोन आतून किंचित घासून हातानं सरकणारा करून ठेवतात आणि सेटिंगला तोच वापरतात, ही पद्धत चांगली आहे, फक्त शेवटी नवीन बेअरिंग लावून परत मोजायचं. एकदा जमलं की पुढे फायदाच फायदा: सील गळलं, फ्लँज काढला, सील बदललं, नट परत त्याच टॉर्कला, प्रीलोड जिथे होता तिथेच. क्रश स्लीव्हवाल्या अॅक्सलचं सील एअर गननं नट उडवून बदलतात आणि परत गननंच आवळतात, तिथे बेअरिंगचं आयुष्य निम्मं झालं समजा. नट काढायच्या आधी खूण करून, किती आटे बाहेर आहेत ते मोजून, आधीचा फिरवायचा टॉर्क लिहून ठेवूनच काम झालं पाहिजे, आणि शंका असेल तर नवीन स्लीव्ह.

घाटात गाडी चालवणाऱ्यांनी यात खास लक्ष घालावं. रेस दिली की पिनियन फ्लँजकडे ढकलला जातो, तो धक्का आतलं मोठं बेअरिंग घेतं. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन ब्रेक लावून गाडी सोडली की जोर उलटा होतो, पिनियन क्राउनकडे ओढला जातो आणि तो सगळा धक्का बाहेरचं लहान बेअरिंग आणि नट सोसतात. प्रीलोड गेलेला असेल तर पिनियन आत सरकतो, बॅकलॅश कमी होतो, आणि रेस सोडल्यावरच घूं घूं आवाज येतो, रेस दिली की थांबतो. असा आवाज आला तर क्राउन-पिनियन बदलायच्या आधी पिनियनचा प्ले बघा, पुष्कळदा दात अजून चांगले असतात. दिवसातून दोनदा घाट उतरणाऱ्या लोडच्या गाडीला म्हणूनच मी सॉलिड स्पेसर सांगतो, उलट-सुलट धक्क्यांनी क्रश स्लीव्ह हळूहळू ढिली पडते.

बेअरिंगच्या जातीचं थोडक्यात. टेपर रोलर हेन्री टिमकेन यांच्या १८९८ च्या पेटंटपासून चालत आलंय, कमी जागेत आडवा आणि लांबीतला दोन्ही लोड घेतं, पण रोलरची टोकं कडेला घासतात त्यामुळे प्रीलोडखाली घर्षण जास्त. ते वाचवायला बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांत पिनियनला दोन ओळींची अँग्युलर बॉल बेअरिंग येतात, मायलेजला थोडा फायदा होतो. तुमच्या गाडीत बॉल असतील तर बॉलच टाका, टेपर असतील तर टेपर, अदलाबदलीच्या भानगडीत पडू नका.

शेवटी तेल. बाहेरच्या लहान बेअरिंगला तेल क्राउननं उडवलेल्या वाटेनं मिळतं, ती वाट जुन्या सिलिकॉननं बुजलेली असते कितीतरी वेळा, बसवायच्या आधी तार घालून साफ करा. जीप उंच केली आणि पिनियनचं तोंड वर झालं की तेल मागे राहतं आणि हेच बेअरिंग कोरडं पडतं, अशा गाडीत लेव्हल प्लगच्या थोडं वर तेल ठेवावं लागतं. हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यापासून खाली असलेला जोड) असल्यामुळे जीएल-५ दर्जाचंच (जास्त दाब सोसणारं) तेल, ८०डब्ल्यू-९० किंवा जड लोडला ८५डब्ल्यू-१४०. नवीन सेटिंगनंतर पहिले २०-२५ किलोमीटर हळू चालवा, थांबून फ्लँजजवळच्या हाउसिंगला हात लावा, कोमट ते गरम चालेल, पण हात ठेवता येत नसेल इतकं तापलं असेल तर प्रीलोड जास्त झालाय, तिथेच थांबून उघडा. सगळं ठीक वाटलं तर ८०० ते १००० किलोमीटरला तेल बदला, आणि ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी पेस्ट असेल तर काळजी नाही, चकाकणारी पापुद्र्यासारखी कणी दिसली तर बेअरिंगच्या कपचा पापुद्रा सुटायला लागलाय.